गाडीतळावरची एकादशी

पुण्याचा नकाशा काढा बघू. मधोमध शनिवारवाडा सापडला? आता तिथून बोट पूर्वेकडे सरकवत चला. पुलगेट आलं, भैरोबा नाला आला, रामटेकडी आली. त्याच्यापुढे सोलापूर रस्त्याला लागून पसरलेलं भलं मोठं उपनगर दिसेल. ते आमचं हडपसर. तिथे एका ठिकाणी रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक सरळ सोलापूरकडे जातो, दुसरा उजव्या हाताला सासवडकडे. त्या जागेचं नाव गाडीतळ.

नावातली गाडी कोणती असेल, ओळखा पाहू! मोटार नव्हे, बैलगाडी. तळ म्हणजे मुक्कामाची, थांबायची जागा. आता तिथे बैलगाड्यांच्या जागी शहर बस थांबतात, डोक्यावरून उड्डाणपूल गेला आहे आणि संध्याकाळी सहा वाजता रस्ता ओलांडायचा म्हणजे मोठ्या माणसांनासुद्धा घाम फुटतो. मी जवळच्याच एका प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या मुलांना 'परिसर अभ्यास' शिकवताना मी सांगते, की इथे पूर्वी भाजीपाल्याचे मळे होते. ती खिडकीबाहेर बघतात आणि विचारतात, "बाई, कुठे?" त्यांचं तरी काय चुकलं? हल्ली सगळीकडे इमारतीच दिसतात. मगरपट्ट्याचंच बघा ना. तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपासची जमीन एकत्र केली आणि स्वतःच तिथे नगर वसवलं. आज तिथे संगणकाच्या कंपन्या आहेत.

असं हे आमचं घाईगर्दीचं हडपसर वर्षातून एक दिवस मात्र सगळी कामं सोडून रस्त्याच्या कडेला येऊन उभं राहतं. त्या दिवशी इथून दोन पालख्या जातात. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची आणि देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची.

या दिवसाची बातमी आम्हाला सगळ्यात आधी कुठे कळते, सांगू? चौकातल्या फळ्यावर! पुण्यात बऱ्याच मंडळांचा असा एक काळा फळा असतो. कुणी दहावीत चांगले गुण मिळवले, कुणाचे आजोबा वारले, पाणी कधी येणार नाही, रक्तदान शिबिर कुठे आहे, सगळं त्यावर खडूने लिहिलेलं असतं. जून महिना लागला की त्या फळ्यावर पालखीचा मजकूर झळकतो. रस्ता कधी बंद होणार, बस कुठून वळवणार, केळी वाटायला कुणी किती वाजता यायचं, पाण्याचा टँकर कुठे उभा राहणार. आमच्या शाळेतली मुलं तो मजकूर रोज वाचतात आणि शुद्धलेखनाच्या चुका शोधून मला येऊन सांगतात. (परवा एकाने 'पालखी'तली 'खी' ऱ्हस्व असल्याचं मोठ्या आनंदाने कळवलं.)

पण ही तारीख दर वर्षी वेगळीच का असते, असं तुम्ही विचाराल. २०२२ साली आषाढी एकादशी १० जुलैला होती. २०२३ मध्ये ती २९ जूनला आली. म्हणजे ११ दिवस मागे. आपले सण चंद्राच्या महिन्यांवर चालतात ना! चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचं. वजाबाकी करा, ११ उरतात. असं दर वर्षी मागे मागे जात राहिलं तर एक दिवस आषाढी ऐन उन्हाळ्यात यायची! तसं होऊ नये म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी एक जादा महिना घालतात, तो अधिक महिना. २०२३ साली आषाढीनंतर अधिक श्रावण आला, म्हणून पुढची आषाढी पुढे सरकून १७ जुलै २०२४ ला आली. २०२५ मध्ये पुन्हा ११ दिवस मागे, ६ जुलै. कळली गंमत?

हडपसरला पालखी कधी येणार हे शोधायची एक सोपी युक्ती आहे. दिनदर्शिकेत ज्येष्ठ वद्य अष्टमी शोधा. त्या दिवशी माउलींची पालखी आळंदीहून निघते. तुकोबांची त्याच्या आदल्या दिवशी, सप्तमीला देहूहून निघते. पुढे दोन्ही पालख्या पुण्यात येतात आणि दोन रात्री मुक्काम करतात. माउली भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, तुकोबा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. मग तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे दोन्ही पालख्या पुणे सोडून आमच्याकडे यायला निघतात. आता बोटांवर मोजा. अष्टमीला आळंदी सोडली, नवमी आणि दशमी पुण्यात. मग हडपसरला कोणती तिथी आली? एकादशी! हिला योगिनी एकादशी म्हणतात. २०२३ साली ती १४ जूनला, म्हणजे शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आली होती. २०२४ मध्ये २ जुलै आणि २०२५ मध्ये २२ जून, रविवार.

ही एकादशी लक्षात ठेवा बरं का, कारण तिच्यामुळे आमच्याकडे एक फजिती झाली होती.

त्याआधी मला दोन रस्त्यांविषयी सांगायचं आहे. या दोन पालख्या वेगवेगळ्या का? पूर्वी तसं नव्हतं. तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखीचा सोहळा सुरू केला. ते देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन आळंदीला येत, तिथे माउलींच्या पादुका त्याच पालखीत ठेवत आणि मग सगळे मिळून पंढरपूरला जात. पुढे एकोणिसाव्या शतकात सातारा जिल्ह्यातल्या आरफळ गावचे हैबतबाबा यांनी माउलींचा सोहळा वेगळा सुरू केला. तेव्हापासून पालख्या दोन झाल्या. पुण्यात त्या भेटतात, हडपसरपर्यंत मागेपुढे चालतात आणि गाडीतळावर वेगळ्या होतात. माउली सासवडच्या रस्त्याला वळतात, तुकोबा सरळ लोणी काळभोरला जातात. त्यानंतर सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा असं एकीचं, तर लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती असं दुसरीचं. पुन्हा दोघींची गाठ पडते ती थेट पंढरपूरजवळ वाखरीला.

त्यामुळे गाडीतळावर उभं राहिलं की अगदी मजेदार दृश्य दिसतं. मागून एकच मोठी नदी वाहत यावी आणि समोर तिच्या दोन धारा व्हाव्यात, तशी माणसं वाटली जातात. आधी ट्रक आणि टेम्पो पुढे जातात. त्यांच्यावर तंबू, भांडी, पोती आणि दिंडीचा क्रमांक लिहिलेला असतो, 'रथापुढे अमुक', 'रथामागे तमुक'. मग भगव्या पताका, टाळकरी, मृदंग, वीणेकरी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका. माउलींच्या पुढे दोन घोडे असतात. एकावर स्वार बसतो, दुसऱ्यावर कुणीच नाही. का? तो माउलींचा घोडा! हे घोडे बेळगाव जिल्ह्यातल्या अंकली गावाहून, शितोळे सरकारांकडून येतात. तेही आळंदीपर्यंत चालत. मग बैलांचा रथ. एवढ्या गर्दीत सगळे एकमेकांना एकाच नावाने हाक मारतात, 'माउली'. पोलीसकाका सत्तर वर्षांच्या आजोबांना म्हणतात, "माउली, कडेने चला." आजोबा आमच्या दुसरीतल्या मुलीला म्हणतात, "माउली, पाणी दे गं." ती मुलगी पहिल्यांदा इतकी लाजली, की पाण्याऐवजी रिकामं तांब्याभांडंच पुढे केलं.

आता ती फजिती. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका नव्या सोसायटीने ठरवलं, आपण वारकऱ्यांना जेवण द्यायचं. लोक मोठ्या हौसेने कामाला लागले. रात्रभर जागून पुऱ्या तळल्या, बटाट्याची भाजी केली, शिरासुद्धा. सकाळी टेबलं मांडून, हातमोजे घालून सगळे तयार. वारकरी येत होते, हात जोडत होते, "रामकृष्णहरी" म्हणत होते आणि पुढे जात होते. पुरी कुणी घेईना. सोसायटीतले काका अगदी हिरमुसले. शेवटी एक आजीबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "बाळा, आज एकादशी हाये." अरेच्चा! हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शेजारच्या गल्लीत मात्र जुन्या हडपसरकरांच्या टेबलांवर साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि शेंगदाणे होते. तिथे ही रांग!

त्या पुऱ्या वाया गेल्या नाहीत. बंदोबस्ताचे पोलीस, सफाई कर्मचारी आणि शाळेतली मुलं यांनी त्या फस्त केल्या. पण आमच्या चौथीच्या वर्गात त्यावर चर्चा झाली. एक मुलगा म्हणाला, "बाई, त्यांना काय हवं ते आधी विचारायला पाहिजे होतं." दुसरी म्हणाली, "पाहुण्याला विचारतात का कधी?" झालं, दोन पक्ष पडले! मग मीच म्हटलं, या वर्षी आपण खरंच विचारू. वहीत प्रश्न लिहून घेतले, चार-चार मुलांचे गट केले, प्रत्येक गटाबरोबर एक पालक. रस्त्याच्या कडेला सावलीत बसलेल्या वारकऱ्यांजवळ जायचं, आधी नमस्कार करायचा आणि मग विचारायचं, "माउली, तुम्हाला काय लागतं?"

उत्तरं ऐकून आम्ही थक्क झालो. खायला हवं असं म्हणणारे अगदी थोडे निघाले. "पुण्यात इतकं खायला घालत्यात, की पिशवीत जागा नाय," एक काका हसत म्हणाले. मग काय हवं होतं? चप्पल शिवून देणारं कुणी. सुई-दोरा. पायाला लावायला तेल. फोडांवर लावायला पट्टी. मोबाइल चार्ज करायला जागा, कारण गावाकडे पेरणी झाली की नाही हे मुलाला विचारायचं होतं. पावसात डोक्यावर घ्यायला प्लास्टिकचा जाड कागद. दहा मिनिटं पाय लांब करून बसता येईल अशी ओसरी. आणि बायकांनी आमच्या मुलींना हळूच विचारलं, "पोरी, इथं संडास कुठंय?"

या शेवटच्या प्रश्नावर मला तुमच्याशी थोडं बोलायचंय. लाजू नका. आळंदी ते पंढरपूर म्हणजे अंदाजे अडीचशे किलोमीटर चालणं. अठरा-वीस दिवस. त्यात निम्म्याच्या आसपास बायका असाव्यात असं आपलं मला बघून वाटतं. त्यांनी जायचं कुठे? मग त्या काय करतात, तर पाणीच कमी पितात. उन्हात चालताना पाणी कमी पिणं किती वाईट, हे तुम्ही विज्ञानात शिकलाच आहात. अलीकडे 'निर्मल वारी' नावाने वाटेवर फिरती शौचालयं ठेवतात, ही फार चांगली गोष्ट झाली. पण ती कुठे आहेत हे गर्दीत दिसत नाही. आमच्या मुलांनी पुढच्या वर्षी काय केलं ठाऊक आहे? मोठ्या पुठ्ठ्यांवर बाण काढले, बाईचं आणि पुरुषाचं चित्र काढलं आणि चौकाचौकात हातात धरून उभी राहिली. काही वारकऱ्यांना वाचता येत नाही, म्हणून चित्र. ही कल्पना माझी नव्हती, तिसरीतल्या एका मुलीची. आणि गल्लीतल्या पाच-सहा घरांनी आपली दारं उघडली. "या माउली, आमच्याकडे या," असं म्हणून बायकांना आत नेलं. मला विचाराल, तर हजार केळी वाटण्यापेक्षा हे दार उघडणं अवघड. अनोळखी माणसाला घरात घ्यायला आपण शहरातली माणसं घाबरतो.

चप्पल शिवणारे, दाढी-कटिंग करणारे, पायाला तेल चोळणारे, औषधाच्या पेट्या घेऊन बसलेले डॉक्टर, असे पुष्कळ जण त्या दिवशी पैसे न घेता काम करतात. मुलं त्यांच्याभोवती घुटमळतात. एकदा एका चप्पल शिवणाऱ्या काकांनी आमच्या मुलाच्या हातात एक झिजलेली चप्पल दिली आणि म्हणाले, "बघ, टाच कशी झिजलीय. हा माणूस डाव्या पायावर जास्त भार देतो. उजवा गुडघा दुखत असणार." त्या मुलाने धावत जाऊन मालकाला विचारलं, तर खरंच उजवा गुडघा! तेव्हापासून तो सगळ्यांच्या चपला उलट्या करून बघत असतो. त्याच्या आईची तक्रार माझ्याकडे आलेली आहे.

गुडघ्याची काळजी उगीच नाही हं. पुण्याहून सासवडची वाट तीस किलोमीटरच्या आसपास आहे, सगळ्या वारीतल्या मोठ्या चालींपैकी ही एक. त्यात उपास. आणि शेवटी चढायचा असतो दिवे घाट. हडपसर सोडलं की फुरसुंगीचा फाटा, उरुळी देवाची, मग वडकी नाला. तिथून घाट सुरू. चढताना खाली मस्तानी तलाव दिसतो. माउलींच्या रथाला घाटात जादा बैलजोड्या जोडतात, त्या आजूबाजूच्या गावांतले शेतकरी आणतात. वर झेंडेवाडीला पोचलं की वारा लागतो आणि माणसं धाडकन जमिनीवर बसतात. मी एकदा शाळेतल्या शिक्षकांबरोबर सासवडपर्यंत चालले. तेव्हा वाटलं, हडपसरला फळांचे ढीग आणि घाटाच्या पायथ्याशी पाण्याची वानवा, हे काही बरं नाही. आता आमच्या चौकातलं मंडळ निम्मं सामान टेम्पोत घालून वडकीच्या पुढे नेतं. फळ्यावर तसं लिहिलेलंही असतं, 'केळी इथे, पाणी घाटात.'

मधे दोन वर्षं हा फळा कोरा होता. करोनाची साथ आली तेव्हा तुमच्यातले काही जण अगदी लहान असाल. २०२० साली पायी वारी झालीच नाही. पादुका ३० जूनला एस.टी. बसने पंढरपूरला नेल्या आणि १ जुलैला आषाढी झाली. २०२१ लाही बसच. योगिनी एकादशीला गाडीतळाचा रस्ता रिकामा होता. आमच्या गल्लीतल्या एक आजी तरीही पहाटे उठल्या, दारात रांगोळी काढली, हंडाभर पाणी भरून ठेवलं आणि खुर्ची टाकून बसून राहिल्या. दुपारी त्यांनी ते पाणी झाडांना घातलं. २०२२ मध्ये टाळांचा आवाज पुन्हा रामटेकडीकडून ऐकू आला, तेव्हा त्या खुर्चीवरून उठून रस्त्यापर्यंत एकट्या चालत गेल्या. एरवी त्या काठीशिवाय चालत नाहीत.

आता एक कमी सुंदर गोष्ट. पालखी गेली की रस्त्यावर काय उरतं? केळ्यांची सालं, कागदी द्रोण, प्लास्टिकचे पेले. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, २०२२ साली देशभर एकदाच वापरायच्या कितीतरी वस्तूंवर बंदी आली, तरी पेले दिसतातच. आणि पुण्याचा कचरा अनेक वर्षं कुठे नेऊन टाकत, माहीत आहे? उरुळी देवाची आणि फुरसुंगी इथल्या डेपोत! म्हणजे ज्या वाटेने माउली जातात, तिच्या लगतच. तिथल्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं वास आणि खराब पाणी सोसलं, आंदोलनं केली. तेव्हा आपण वारकऱ्याला दिलेला पेला त्याच्याच मागोमाग ट्रकमधून जायचा, असा हिशेब आहे. आमच्या शाळेची मुलं आता घरून स्टीलचे पेले आणतात. दोघांनी पाणी द्यायचं, दोघांनी पेले धुवायचे. धुणाऱ्यांची पाळी कुणालाच नको असते, म्हणून चिठ्ठ्या टाकतो. संध्याकाळी पेले मोजून परत देताना मात्र दर वर्षी गोंधळ उडतो, कारण प्रत्येकाला आपल्या पेल्यावर नाव आहे असं वाटत असतं आणि नाव निघतं मामाचं किंवा आत्याच्या लग्नाचं.

तुम्हाला यायचं असेल तर जरूर या. मात्र बस आधीच वळवलेल्या असतात, म्हणून पहाटे निघा आणि मोठ्या माणसाबरोबरच या. गाडीतळाच्या अगदी तोंडाशी गर्दी फार. थोडं पुढे सासवड रस्त्याला उभं राहिलात तर माउली दिसतील, सोलापूर रस्त्याला उभं राहिलात तर तुकोबा. दोन्ही बघायच्या असतील तर फाट्याच्या अलीकडे, पुण्याच्या बाजूला जागा धरा. खिशात सुई-दोरा ठेवा, खोबरेल तेलाची बाटली आणा. आणि उपासाचं काही आणणार असाल तर एकदा दिनदर्शिका बघून घ्या, तिथी कधी कधी एखाद्या दिवसाने इकडेतिकडे होते.